रस्ट: बॉरो चेकर ओरडायच्या आधीच मालकी कशी ओळखायची?

सेमीकोलन_विसरला

पायथनमधून रस्टकडे आलोय. मालकीचे नियम (ते तपासणारा कंपायलरचा भाग म्हणजे बॉरो चेकर) तोंडपाठ आहेत. एका व्हॅल्यूला एकच मालक, मालक स्कोपबाहेर गेला की व्हॅल्यू ड्रॉप, आणि एका वेळी एकतर कितीही साधे रेफरन्स नाहीतर एकच म्यूटेबल रेफरन्स. परीक्षेत विचारलं तर पैकीच्या पैकी मिळतील.

पण लिहायला बसलो की या पाठांतराचा काही उपयोग होत नाही. कोड लिहितो, 'कार्गो चेक' मारतो, लाल ओळी येतात. मग इथे & लाव, तिथला & काढ, नाहीच जमलं तर .क्लोन() ठोक. शेवटी चालतं, पण का चाललं हे कोणी विचारलं तर मी गप्प. मला कंपायलरच्या आधी कळायला हवंय की ही ओळ अडणार.

सध्या ज्यावर अडलोय ते देतो (कोड वाचायला सोपा जावा म्हणून सगळं देवनागरीतच लिहितोय):

स्ट्रक्ट साठा {
    ओळी: व्हेक<स्ट्रिंग>,
    मोजणी: हॅशमॅप<स्ट्रिंग, यूसाइझ>,
}

एफएन सगळ्या_मोज(&म्यूट सेल्फ) {
    फॉर ओळ इन &सेल्फ.ओळी {
        सेल्फ.नोंदव(ओळ);
    }
}

'नोंदव' ही &म्यूट सेल्फ घेणारी मेथड आहे, आत फक्त 'मोजणी' मध्ये एकाची भर घालते. 'ओळी' ला हातही लावत नाही. तरी ई०५०२, म्हणजे साधा रेफरन्स चालू असताना म्यूटेबल मागितल्याची चूक. आणि गंमत म्हणजे 'नोंदव' च्या आतली तीच ओळ उचलून लूपमध्ये चिकटवली तर मुकाट कंपाइल होतं! काम तेच, डेटा तोच. मग फरक कशाने पडला?

जिथे जावं तिथे "मित्राला पुस्तक वाचायला दिलं" हीच उपमा ऐकायला मिळते. त्या उपमेतून वरच्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. कोणी मशीनच्या बाजूने समजावून सांगेल का?

मॅलॉकवाली

ते पुस्तक आधी बाजूला ठेवा. पुस्तक दिलं की देणाऱ्याच्या कपाटात जागा रिकामी होते. मेमरीत तसं काही होत नाही, आणि मालकीचं सगळं गाडं तिथूनच सुरू होतं.

लेट अ = स्ट्रिंग::फ्रॉम("नमस्कार");
लेट ब = अ;

६४-बिट मशीन धरू. पहिल्या ओळीनंतर हीपवर (जिथली मेमरी मागून घ्यावी आणि परत सोडावी लागते) २१ बाइट आहेत, कारण "नमस्कार" मध्ये ७ कोडपॉइंट आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो. स्टॅकवर (फंक्शनच्या स्वतःच्या जागेत) 'अ' नावाचे २४ बाइट आहेत: हीपचा पत्ता, लांबी २१, क्षमता २१. दुसऱ्या ओळीत हे २४ बाइट 'ब' च्या जागेत कॉपी होतात. बस, मूव्ह म्हणजे एवढंच. हीपकडे कोणी बघतही नाही. 'अ' चे जुने २४ बाइट कोणी पुसत नाही (ऑप्टिमायझरने ती कॉपीच उडवून लावली तर गोष्ट वेगळी). म्हणजे आता एकाच हीप तुकड्याचा पत्ता दोन ठिकाणी लिहिलेला आहे.

मग फंक्शनचा शेवटचा महिरपी कंस येतो. 'अ' ने मेमरी सोडली, 'ब' नेही सोडली, तर तोच पत्ता अ‍ॅलोकेटरकडे दोनदा परत जाईल. सी मध्ये ज्याने हे निस्तरलंय त्याला माहीत आहे की डबल फ्री जिथे होतो तिथे बऱ्याचदा काहीच दिसत नाही. प्रोग्रॅम पुढे कुठेतरी भलत्याच फंक्शनमध्ये मरतो आणि आपण त्या बिचाऱ्या फंक्शनकडे बघत बसतो. रस्टचा कंपायलर एवढंच करतो की 'अ' चं नाव सोडणाऱ्यांच्या यादीतून काढतो. पुन्हा 'अ' वापरलात की ई०३८२.

म्हणून मी कोड वाचताना स्वतःला "मालक कोण" असं विचारतच नाही. मी विचारते: ही मेमरी कोण सोडणार, आणि नेमकं कुठल्या ओळीवर? मालक ही पदवी आहे, सोडणं ही घटना आहे. घटनेवर बोट ठेवता येतं.

हा प्रश्न लावला की पाठ केलेल्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात. आय३२ मूव्ह का होत नाही, कॉपी का होतो? कारण त्याच्या मागे सोडण्यासारखं काही नाही, ४ बाइटच्या दहा कॉपी झाल्या तरी कोणाचं काही बिघडत नाही. ज्या टाइपला तुम्ही स्वतः ड्रॉप लिहिलाय त्याला कॉपी लावून बघा, कंपायलर ई०१८४ देऊन नकार देईल. दोन्ही एकत्र चालणारच नाहीत, कारण प्रत्येक कॉपी आपापल्या कंसावर सोडायला धावेल.

आता रेफरन्स.

लेट म्यूट यादी = व्हेक![१, २, ३];
लेट पहिला = &यादी[०];
यादी.पुश(४);
प्रिंटएलएन!("{}", पहिला);

मेमरी कंसावरच सुटते असं धरून चाललात तर इथे काय बिघडलं ते दिसणार नाही. 'यादी' ची क्षमता ३ आहे आणि तीनही जागा भरल्यात. पुशला चौथी जागा हवी, म्हणून तो अ‍ॅलोकेटरकडे मोठा तुकडा मागतो. सध्याच्या स्टँडर्ड लायब्ररीत क्षमता दुप्पट म्हणजे ६ होते. जुने १२ बाइट नव्या जागी जातात आणि जुना तुकडा सुटतो. 'पहिला' मध्ये अजून जुनाच पत्ता. सी मध्ये हे कंपाइल झालं असतं, बहुतेक वेळा छापलंही असतं १, आणि कधीतरी कचरा छापला असता. नशीब चांगलं असेल तर रिअ‍ॅलॉक जागच्या जागी वाढवून देतो, मग चाचणीत सगळं हिरवं आणि बाहेर गेल्यावर रडारड.

तेव्हा &म्यूट म्हणजे नुसती "बदलायची परवानगी" नाही. &म्यूट ज्याच्या हातात आहे तो आतली मेमरी मध्येच सोडू शकतो. पुश, क्लिअर, ट्रंकेट, हॅशमॅपचा इन्सर्ट, साधं *रेफरन्स = नवी_व्हॅल्यू हेसुद्धा (आधीची व्हॅल्यू तिथल्या तिथे ड्रॉप होते). कोणी सोडू शकतो आणि त्याच वेळी दुसरं कोणी तिकडे बघतंय, हा प्रसंग येऊ द्यायचा नाही. ई०५०२, ई०५०५, ई०५९७ हे आकडे वेगवेगळे दिसतात, पण तिन्हींत कोणीतरी बघत असताना मेमरी सुटण्याची भीती आहे. कुठे पुशमध्ये, कुठे मूव्हमुळे, कुठे कंसावर.

आता तुमचा मूळ प्रश्न. वरच्या उदाहरणात 'यादी' व्हेक::विथ_कपॅसिटी(१००) ने बनवली तर? जागा भरपूर आहे, पुश काही हलवणार नाही, जुना तुकडा सुटणार नाही. तरीही कंपायलर तीच चूक दाखवेल. कारण तो पुशच्या आत डोकावत नाही. तो फक्त सिग्नेचर वाचतो. तिथे &म्यूट सेल्फ लिहिलंय, म्हणजे त्याच्या लेखी पुश आतलं काहीही सोडू शकतो.

'सेल्फ.नोंदव(ओळ)' चं तेच झालं. तुम्हाला माहीत आहे की आत फक्त 'मोजणी' बदलते. सिग्नेचर मात्र सांगते: अख्खा 'साठा' माझ्या हातात द्या, त्यातलं हवं ते मी सोडेन. 'ओळी' सकट. आणि 'ओळी' मध्ये तर तुमचा लूप बघत उभा आहे. तीच ओळ लूपमध्ये चिकटवली की कंपायलरला दिसतं की एका फील्डचा साधा रेफरन्स आहे, दुसऱ्या फील्डचा म्यूटेबल, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एका फंक्शनच्या आत तो फील्ड वेगवेगळे धरतो. फंक्शनच्या सीमेपलीकडे नाही.

उपाय: 'नोंदव' ला सगळा सेल्फ देऊ नका, जेवढं लागतं तेवढंच द्या.

एफएन नोंदव(मोजणी: &म्यूट हॅशमॅप<स्ट्रिंग, यूसाइझ>, ओळ: &स्ट्र)

आणि लूपमध्ये नोंदव(&म्यूट सेल्फ.मोजणी, ओळ). कुठेही क्लोन न लावता हा लूप कंपाइल होईल. (हॅशमॅपची की म्हणून स्ट्रिंग आहे, ती मात्र आत बनवावीच लागेल. ती कॉपी खरी आहे, तिला दुसरा इलाज शोधत बसू नका.)

सिग्नेचर हा कंपायलरच्या कामाचा कंटाळवाणा भाग वाटतो खरा, पण मी तर नवा कोड वाचताना बॉडी नंतर बघते. सेल्फ असेल तर ही मेथड माल घेऊन जाणार, &सेल्फ असेल तर बघून परत, &म्यूट सेल्फ असेल तर आत काहीही मोडतोड होऊ शकते. इटरेटर बनवणाऱ्या मेथडींची नावंसुद्धा याच हिशोबाने ठेवलीत: इनटू_इटर, इटर, इटर_म्यूट.

उगाच_विचारतो

मॅलॉकवालींचं उत्तर आवडलं, पण "सगळं सोडण्याभोवती फिरतं" हे मला पूर्ण पटत नाही. स्टॅकवरच्या एका साध्या आय३२ ला दोन &म्यूट घेऊन दोन्ही वापरले तरी ई०४९९ येतोच. तिथे सोडायला काय आहे?

माझ्या मते दुसरं कारण तितकंच मोठं आहे. हे बघा:

एफएन वाढव(क: &म्यूट आय३२, ख: &आय३२) {
    *क += *ख;
    *क += *ख;
}

समजा सीसारख्या भाषेत 'क' आणि 'ख' दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतायत आणि तिथे १ आहे. पहिल्या बेरजेनंतर २, मग 'ख' पुन्हा वाचला तर २ + २, म्हणजे ४. पण कंपायलरने 'ख' एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवला तर उत्तर ३. म्हणून सीचा कंपायलर बिचारा दर वेळी पुन्हा वाचतो, त्याला खात्री नाही. रस्टमध्ये हे दोन एकाच जागी असूच शकत नाहीत, त्यामुळे एकदा वाचून मोकळं होता येतं. रस्टसी (रस्टचा कंपायलर) हीच खात्री एलएलव्हीएमला (शेवटी मशीन कोड बनवणाऱ्या भागाला) 'नोअलियास' म्हणून सांगतो. &म्यूटसाठी ते बराच काळ बंद होतं, कारण एलएलव्हीएममध्येच त्यावरून बग निघत होते. २०२१ मध्ये १.५४ आवृत्तीपासून ते सुरू आहे.

आणि इनम घ्या (अनेक व्हेरिएंटपैकी एका वेळी एकच धरणारा टाइप). एका व्हेरिएंटमध्ये यू६४, दुसऱ्यात &स्ट्र. मॅच करून तुम्ही आतल्या यू६४ चा म्यूटेबल रेफरन्स धरलात आणि तेवढ्यात कोणी त्या जागी दुसरा व्हेरिएंट लिहिला. काहीही फ्री झालेलं नाही. पण तुम्ही आता यू६४ समजून एका पत्त्यावर आकडा लिहिणार. हा शुद्ध अलायसिंगचा (एकाच जागेकडे दोन वाटा) घोटाळा आहे. थ्रेडमधल्या डेटा रेसचंही तेच.

मॅलॉकवाली

@उगाच_विचारतो, मुद्दा रास्त आहे, आणि इनमचं उदाहरण झकास. फक्त मी क्रम तसाच ठेवेन. पायथनमधून आलेल्या माणसाला 'नोअलियास' सांगितलं तर तो मान डोलावेल आणि घरी जाऊन पुन्हा क्लोनच लावेल. "ही मेमरी कोण सोडतंय" हे मात्र त्याला कागदावर बाण काढून दाखवता येतं. आय३२ वर दोन &म्यूट मागायची वेळ रोजच्या कोडमध्ये येते तरी किती? येते ती व्हेक आणि हॅशमॅपवर, आणि तिथे सोडण्याचा प्रश्न पुरून उरतो.

हवं तर इनमलाही तोच प्रश्न जरा सैल करून लावा: या बाइटांचा अर्थ मध्येच कोण बदलू शकतं? मेमरी सोडणं हा अर्थ बदलण्याचाच एक टोकाचा प्रकार.

@सेमीकोलन_विसरला, तुम्हाला एक व्यायाम सुचवते. एक स्ट्रक्ट करा, आत फक्त नाव. त्याला ड्रॉप लिहा जो नाव छापतो. मग तीन-चार व्हेरिएबल, एखादा आतला ब्लॉक, एखादं फंक्शन ज्याला व्हॅल्यू मूव्ह होते, असं काहीतरी जुळवा. चालवण्याआधी छापलं जाणारं सगळं क्रमाने कागदावर लिहा आणि मगच चालवा. व्हेरिएबल जाहीर केल्याच्या उलट क्रमाने सुटतात, स्ट्रक्टची फील्ड मात्र लिहिलेल्या क्रमाने. लेट _ = बनव(); यात व्हॅल्यू त्याच ओळीवर सुटते, पण लेट _क = बनव(); मध्ये ती कंसापर्यंत टिकते. म्यूटेक्सचं (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं) लॉक घेताना हा एका अक्षराचा फरक भलताच महागात पडतो: पहिल्या प्रकारात कुलूप लावल्या लावल्या उघडतं.

मग मधे एक इफ टाका, ज्याच्या एकाच फाट्यात व्हॅल्यू मूव्ह होते. कंसावर ती सोडायची की नाही? कंपाइल करताना कळणं शक्यच नाही. तिथे कंपायलर स्टॅकवर गुपचूप एक झेंडा ठेवतो, ड्रॉप फ्लॅग, आणि रनटाइमला तो बघून ठरवतो. मला हे पहिल्यांदा असेम्ब्लीत दिसलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. "मालकी" ही हवेतली कल्पना तिथे एका बाइटाच्या रूपात बसलेली असते.

बॅकट्रेस

सी++ वाले कोणी वाचत असतील तर दोन गोष्टी. तिकडे मूव्ह केल्यावर जुनं ऑब्जेक्ट जिवंतच असतं, स्टँडर्ड लायब्ररीचे टाइप "वैध पण अनिश्चित" अवस्थेत राहतात आणि त्याचा डिस्ट्रक्टरही चालतो. म्हणून मूव्ह कन्स्ट्रक्टरला जुना पॉइंटर नल करून ठेवावा लागतो. रस्टमध्ये जुन्या जागेचा ड्रॉप चालतच नाही, त्यामुळे नल करायची गरज नाही आणि मूव्हला तुमचा स्वतःचा कोड जोडताही येत नाही. सी++११ पासूनच्या युनिक_पीटीआरची सवय असेल तर अर्धं काम झालंय. उरलेलं अर्धं म्हणजे एसटीडी::मूव्ह केल्यावरही जुनं नाव वापरता येतं ही सवय मोडणं.

दुसरं, जुन्या लेखांत रेफरन्सभोवती जादाचा महिरपी कंस टाकायचा सल्ला दिसेल. तो आता बहुतेक ठिकाणी लागत नाही. २०१८ एडिशनबरोबर (१.३१, डिसेंबर २०१८) एनएलएल (नॉन-लेक्सिकल लाइफटाइम्स) आलं, तेव्हापासून साधा रेफरन्स शेवटच्या वापरापर्यंतच धरला जातो. व्हॅल्यू मात्र अजूनही कंसावरच सुटते. या दोन वेगळ्या वेळा आहेत आणि नवशिक्यांचा इथेच गोंधळ होतो. मॅलॉकवालींच्या पुशच्या उदाहरणात शेवटची प्रिंटची ओळ काढून बघा: कंपाइल होतं, कारण पुशच्या वेळी 'पहिला' कडे कोणी बघतच नसतं. पण म्यूटेक्सचा गार्ड किंवा रेफसेलचा (उसनवारी रनटाइमला तपासणाऱ्या टाइपचा) बॉरो असेल तर त्याला स्वतःचा ड्रॉप आहे, तो कंसावर चालतो, म्हणून तो कंसापर्यंत धरलेलाच राहतो. तिथे ड्रॉप(गार्ड) स्वतः लिहा.

क्लोनबद्दल इतकी अपराधी भावना नको. चाळीस बाइटची स्ट्रिंग प्रोग्रॅम सुरू होताना एकदा क्लोन झाली तर काही बिघडत नाही. आरसीचा (एकाच व्हॅल्यूचे किती वाटेकरी ते मोजणाऱ्या पॉइंटरचा) क्लोन तर फक्त मोजणी एकाने वाढवतो. नावांवरूनही किंमत कळते: 'ॲज_' फुकट, 'टू_' मध्ये काहीतरी नवं बनतं, 'इनटू_' म्हणजे जुनं खर्ची पडलं.

सेमीकोलन_विसरला

ताई, 'नोंदव' ची सिग्नेचर बदलली आणि लूप चालला! यावेळी का चालला हेही सांगू शकतो. ड्रॉपचा व्यायाम केला, फील्डचा क्रम आणि _ वाला प्रकार या दोन्ही ठिकाणी माझा कागद आणि स्क्रीन जुळले नाहीत, बाकी जमलं.

एक गोष्ट याच व्यायामाने सुटली. &म्यूट सेल्फ घेणाऱ्या मेथडमध्ये लेट जुनं = सेल्फ.नाव; लिहिलं की ई०५०७ येतो, तो मला नेहमी आडमुठेपणा वाटायचा. आता "कोण सोडणार" विचारलं: सेल्फ तर माझा नाही, उसना आहे, मेथड संपल्यावर मूळ मालक आपल्या कंसावर 'नाव' सोडायला जाणार. मी ते उचलून नेलं तर तिथे भोक पडेल. म्हणून भोक बुजवूनच न्यायचं: मेम::टेक(&म्यूट सेल्फ.नाव). जागी रिकामी स्ट्रिंग राहते आणि रिकाम्या स्ट्रिंगला हीपवर काही लागतच नाही. बरोबर ना?

आता पुढचं. हे काही केल्या जमत नाही:

स्ट्रक्ट लेख {
    मजकूर: स्ट्रिंग,
    शब्द: व्हेक<&स्ट्र>,
}

आधी ई०१०६, लाइफटाइम (रेफरन्स किती काळ वैध ते) लिहा म्हणे. लिहिला. मग 'मजकूर' मधून 'शब्द' काढून दोन्ही स्ट्रक्टमध्ये भरायला गेलो तर ई०५०५. तुमच्या हिशोबाने बघितलं तर मला यात धोका दिसत नाही. स्ट्रक्ट मूव्ह झालं तरी २४ बाइटच हलणार, हीपवरचा मजकूर जागेवरच. &स्ट्र हीपकडे बघतायत. कोणीच काही सोडत नाहीये.

मॅलॉकवाली

मेम::टेक अगदी बरोबर. ऑप्शन असेल तर .टेक() हे त्याचंच भावंड, मागे नन ठेवतं.

'लेख' बद्दल तुमचं निरीक्षणही बरोबर आहे: या विशिष्ट स्ट्रक्टमध्ये, निव्वळ मूव्हने काही तुटणार नाही. पण परत तेच, कंपायलर काय वाचू शकतो ते बघा. &स्ट्र चा टाइप एवढंच सांगतो की तो 'मजकूर' या व्हेरिएबलमधून उसना घेतलाय. तो पत्ता हीपवरचा आहे की स्ट्रिंगच्या आतल्याच बाइटांचा, हे टाइपमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. स्ट्रिंगच्या जागी [यू८, ६४] असता तर मूव्हबरोबर डेटाही हलला असता आणि सगळे रेफरन्स जुन्या जागेकडे बघत बसले असते. त्यामुळे नियम सरसकट एकच: उसनं दिलेलं असताना मूळ हलवायचं नाही. शिवाय उद्या कोणी लेख.मजकूर.पुश_स्ट्र(...) केलं तर काय होईल ते तुम्हाला आता सांगायला नको.

दोन रस्ते. 'मजकूर' ला स्ट्रक्टच्या बाहेर, वरच्या फंक्शनमध्ये राहू द्या आणि 'लेख' मध्ये फक्त लाइफटाइम लावलेले &स्ट्र ठेवा. पार्सरसारख्या अल्पायुषी गोष्टीला हे उत्तम. 'लेख' ला दूरवर न्यायचं असेल, थ्रेडमध्ये किंवा कुठल्या कॅशमध्ये, तर &स्ट्र ऐवजी सुरुवात आणि शेवट असे दोन यूसाइझ ठेवा आणि लागेल तेव्हा &सेल्फ.मजकूर[सुरुवात..शेवट] काढा. १६ बाइटचा &स्ट्र गेला, १६ बाइटचे दोन आकडे आले. आकडे कोणाकडे बघत नसल्यामुळे बॉरो चेकरला त्यांचं सोयरसुतक नाही. ग्राफ, झाडं, एकमेकांकडे बोट दाखवणारे नोड, सगळीकडे हीच युक्ती चालते: नोड एका व्हेकमध्ये आणि दुवे म्हणजे त्या व्हेकमधले इंडेक्स. बदल्यात एक जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते, शिळा इंडेक्स कंपायलर पकडणार नाही.

आणि मजकूर मराठी असेल तर ते आकडे बाइटांचे ठेवा, अक्षरं मोजून काढलेले नकोत. "नमस्कार" चा [०..४] मागितलात तर प्रोग्रॅम तिथेच पॅनिक होईल, कारण चौथा बाइट 'म' च्या पोटात येतो. चार_इंडिसेस() वापरलंत की प्रत्येक कोडपॉइंटची बाइटमधली सुरुवात आयती मिळते. जोडाक्षराच्या मधोमध कापलं जाणार नाही याची खात्री मात्र तेही देत नाही, पण तुम्ही मोकळ्या जागेवर शब्द तोडताय, तेव्हा तो प्रश्न तुम्हाला येणार नाही.